कलम चार आणि गिरिजाअक्कांचा पलंग

राज्यघटनेचा अर्थ न्यायाधीशांनी कसा लावावा, याविषयी जगात जेवढे म्हणून गंभीर विचारप्रवाह आहेत, ते सगळे माझ्या तरुणपणी आमच्या कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या क्वार्टरमध्ये एका छपराखाली नांदत होते. त्यामुळे आमच्याकडे जेवायला उशीर होई. मी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे सगळं काही नुकतंच कळलेल्या वयात. घटना हा जिवंत दस्तऐवज आहे, ती काळाबरोबर वाढते, असं आमचे प्राध्यापक दर आठवड्याला सांगत आणि मी ते त्याच संध्याकाळी घरी आणून आमटीबरोबर वाढत असे. बाबा एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. लेथवरून उतरलेला भाग ड्रॉइंगशी ताडून पाहायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे त्यांचं काम. घरी आल्यावर त्यात फारसा फरक पडत नसे. पोळी ताटात पडली की ते ती क्षणभर उचलून धरत, आणि आई म्हणे, "घ्या, गोल आहे."

घटना जिवंत आहे, असं मी पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा बाबांनी विचारलं, "तिला खायला काय घालतात?" मग त्यांनी आपला सिद्धांत मांडला. ड्रॉइंग वाचायचं असतं, ड्रॉइंग काढणाऱ्याचं मन नाही. काढणारा निवृत्त होतो, त्याची बदली होते, तो मरतो. ड्रॉइंग कपाटात राहतं. आणि त्या ड्रॉइंगवर पट्टी ठेवून आपल्या मनाने माप काढायचं नाही. जेवढं आकड्यात लिहिलंय तेवढंच खरं. मी त्यांना सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या मते संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही. बाबांनी घास थांबवला. "ही चौकट ड्रॉइंगवर कुठे दाखवली आहे?" मी म्हणाले, दाखवलेली नाही, पण आहे. "आतली न दिसणारी कडसुद्धा तुटक रेषेने दाखवावी लागते," बाबा म्हणाले, आणि सुप्रीम कोर्ट नापास झालं.

आईचं म्हणणं वेगळंच होतं, पण त्याला विचारप्रवाह म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. "पाककृतीत 'चवीनुसार मीठ' लिहिलेलं असतं," ती म्हणे. "माप दिलं नाही म्हणून तुम्ही अळणी खाता का? ज्याच्या हातात डाव आहे त्यानं चव बघायची आणि घालायचं." आमच्या प्राध्यापकांना हेच सांगायला एक अख्खं सत्र लागलं, आणि त्यांच्याकडे खायला काही नव्हतं.

हेब्बाळ तेव्हा गावाबाहेर होतं. आता तिथल्या उड्डाणपुलावर माझी भाची रोज तासभर गाडीत बसून असते आणि तळ्याचा फोटो काढून पाठवते. आमच्या वेळी तळं वासाने आणि आवाजाने कळे. संध्याकाळी बेडकांची सभा सुरू होई, ती कुणी अध्यक्ष नसल्यामुळे सुरळीत चाले. सकाळी कारखान्याचा भोंगा होई, त्याबरोबर साऱ्या कॉलनीत कुकरच्या शिट्ट्या थांबत आणि सायकली निघत. कॉलनीत मराठी घरं बरीच होती; पुण्याची, नागपूरची, मिरजेची, सगळी नोकरीपायी आलेली. त्यांचं एक मंडळ होतं, मंडळाची एक शेड होती आणि शेडमध्ये गणपतीत दरवर्षी एक नाटक होई. नाटक बसवायची ती आई.

नाटकाला लागणारं सामान येई ते गिरिजाअक्कांकडून. कॉलनीच्या फाटकासमोरच त्यांचं घर होतं. त्यांचे यजमान शहरात चिकपेटेत कापडाच्या दुकानात जात आणि रात्री परत येत. मंडळ, नाटक, गणपती यांतलं काही त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. अक्का मात्र आमच्याच होत्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले. घरात त्या मराठी बोलत, त्यात कानडी इतकं मुरलेलं की वेगळं काढता येत नसे. "ऊट झालं का ग नीला? नाही? मग स्वल्प बस, हुळी उतरवते," असं म्हणत त्या मला आमटीभात जेवू घालूनच सोडत. आई कधी त्यांच्या मराठीला हसली तर त्या तिला सुनावत, "हसा तुम्ही. आम्ही घोड्यावर बसून आलो, तुम्ही रेल्वेनं."

त्यांच्याकडे शिसवी पलंग होता. कुठल्याही नाटकात कुणी आजारी पडायचं असलं, रुसायचं असलं किंवा मृत्युपत्र करायचं असलं, की तो पलंग फाटकातून आत येई. समया, तांब्या, आरामखुर्ची, सगळं त्यांचंच. अक्का पाहुण्यांच्या रांगेत, सगळ्यांत मागे बसत आणि आपलं सामान काम करताना बघत. एकदा पडदा पडल्यावर त्या मला म्हणाल्या, "माझा पलंग दरवर्षी नाटकात असतो. मी नाही." त्या हसत म्हणाल्या, पण पलंग परत नेताना त्यांनी त्याच्यावरची धूळ जरा जास्तच जोरात झटकली.

त्या वर्षी नाटकातली सासू बदली होऊन नाशिकला गेली. म्हणजे खरोखरीची, सासूचं काम करणाऱ्या बाईंच्या यजमानांची बदली झाली. गणपती महिन्यावर आलेले. आईने कॉलनीतल्या सगळ्या बायका डोळ्यांखालून घातल्या आणि तिला एकही सासू दिसली नाही. मग तिने अक्कांना उभं केलं. अक्कांनी कागद हातात न घेता, नुसतं आईने सांगितलेलं ऐकून, सुनेला पहिला टोमणा मारला. शेडमध्ये सुनेचं काम करणारी मुलगी दोन पावलं मागे सरकली. आई म्हणाली, "झालं. सासू मिळाली."

मंडळाचे अध्यक्ष बापटसाहेब म्हणाले, "नाटकात फक्त सभासदच काम करू शकतात. मंडळाच्या घटनेत बसत नाही."

बापटसाहेब इंदूरचे. आवाज भारदस्त, आणि साध्या शेवेच्या वाटीलाही ते समारंभपूर्वक हात घालत. आई म्हणाली, ठीक आहे, अक्कांना सभासद करून घ्या. अक्कांनी अर्ज दिला. आता सभासदत्वाचा प्रश्न आला की तो घटना समितीकडे जाई, आणि घटना समिती म्हणजे बाबा. बाकीच्यांनी ते पद घ्यायला नकार दिला होता. बाबांनी घटना काढली, चष्मा पुसला, कलम चार वाचलं. "मंडळाचा सभासद महाराष्ट्र राज्यात जन्मलेला असावा." त्यांनी अक्कांना विचारलं, "अक्का, तुमचा जन्म कुठला?"

"चिकपेट," अक्का म्हणाल्या. "का अण्णा?"

बाबा त्यांना फार मानत. त्यांच्या हातचा चित्रान्नाचा भात त्यांनी कधी उचलून धरून बघितला नव्हता. तरीही ते म्हणाले, "मग बसत नाही."

त्यानंतर आमच्या घरात जे दिवस गेले, ते न्यायशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मला पुढे सापडले नाहीत. आई बाबांशी बोलायची थांबली नाही. ते परवडलं असतं. ती फक्त त्यांना अक्षरशः वागवू लागली. बाबांनी "जरा चहा दे" म्हटलं की जरा चहा मिळे, कपाच्या तळाशी. "पोळी वाढ" म्हटलं की एक पोळी, भाजी नाही. भाजी त्यांनी मागितली नव्हती. बाबांनी हे सगळं निमूटपणे स्वीकारलं आणि दुसऱ्या दिवसापासून संपूर्ण वाक्यं बोलायला लागले. मी रोज कलम चारचा उदार अर्थ मांडत होते. महाराष्ट्र म्हणजे काही नकाशा नव्हे, ती एक भावना आहे, अक्कांचा जन्म त्या भावनेत झाला आहे वगैरे. बाबा म्हणाले, "भावनेला जन्मदाखला कोण देतो?" अक्का मात्र रोज संध्याकाळी आईकडे येऊन आपली वाक्यं पाठ करून जात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "पाठ तर करून ठेवते," त्या म्हणत. "नाही म्हणाले तर सुनेला घरी ऐकवीन." त्यांना सून नव्हती.

बापटसाहेबांना बाबांचा निकाल मान्य होता, पण कारण मान्य नव्हतं. त्यांच्या मते शब्द गौण होते, घटनाकारांचा हेतू महत्त्वाचा होता. "घटनाकारांनी काय विचार करून लिहिलं असेल, ते बघा," ते गंभीरपणे म्हणत. जगभरच्या न्यायालयांत हा पक्ष आहे आणि त्याची एकच अडचण असते, ती म्हणजे घटनाकार मेलेले असतात. आमच्या घटनाकारांची अडचण अशी होती की ते देवनहळ्ळीला होते. दामले त्यांचं नाव. निवृत्त झाल्यावर त्यांनी किल्ल्याजवळ जमिनीचा तुकडा घेतला होता. आई म्हणाली, "मग जाऊन विचारा ना." बापटसाहेबांना हे जरा अप्रशस्त वाटलं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. रविवारी आम्ही तिघं बसने निघालो: बापटसाहेब हेतू शोधायला, बाबा हेतू ग्राह्य नाही हे सांगायला आणि मी कायद्याचा इतिहास घडताना बघायला.

दामले बनियनवर पपनसाच्या झाडाखाली बसले होते. देवनहळ्ळीची पपनसं मोठी गोड असतात, तिथे त्यांना चकोता म्हणतात. त्यांनी एक मोठं फळ मांडीवर घेतलं आणि सोलता सोलता बापटसाहेबांचं प्रास्ताविक ऐकलं. प्रास्ताविक संपलं तेव्हा फळ सोलून झालं होतं.

"हेतू?" दामले म्हणाले. "अहो, पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, शेड पाहिजे तर उद्या सकाळी घटना आणून द्या. मला घटना काय ठाऊक? शेजारी चटर्जी राहायचे, त्यांच्या बंगाली मंडळाची होती. ती उतरवून काढली. जिथे बंगाल होतं तिथे महाराष्ट्र घातलं. वार्षिक भोजनात मासे राहून गेले होते, ते नंतर कुणीतरी खोडले."

बापटसाहेबांनी हातातली पपनसाची फोड खाली ठेवली. "पण कलम चार लिहिताना काहीतरी विचार केला असेल."

"केला ना. हात दुखत होता."

दामल्यांनी दुसरी फोड पुढे केली. मग बाबांनी विचारलं, "बापट, आता बंगाल्यांचा हेतू शोधायला कलकत्त्याला जायचं का?" ते थट्टा करत नव्हते. बाबा कधीच थट्टा करत नसत. त्यांचं नीट ऐकलं की हसू येई, एवढंच. आपल्या देशाच्या घटनेतही इकडचं तिकडचं बरंच घेतलेलं आहे, हे मी पुढे वकिली करताना अनेकदा वाचलं. ते वाचताना मला हटकून एक बनियन दिसतो. कोर्टात मात्र घटनाकारांचा उल्लेख मी नेहमी उभं राहून, आदराने केला.

परतीच्या बसमध्ये बापटसाहेबांनी खिडकीशी बसून ठरवलं की हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा. ते शेजारच्या बाबांना आपल्या बालपणीच्या गोष्टी सांगत होते, मन दुसरीकडे वळवायला. इंदूरला राजवाड्यासमोरून हत्ती जात, महाराजांच्या वाढदिवसाला शाळेत लाडू वाटत. मी मागच्या सीटवर ऐकत होते. महाराज या शब्दावर मी सावरून बसले. पण बोलले नाही. त्या वयात माणूस युक्तिवाद जपून ठेवतो, श्रोते जास्त असतील तेव्हासाठी.

सभा शेडमध्ये भरली. पुढे सभासदांच्या खुर्च्या, मागे भिंतीला लागून पाहुण्यांची रांग. अक्का त्या रांगेत एकट्या बसल्या होत्या, नवी इरकली साडी नेसून. आईने सगळ्यांसाठी बटाटेवडे केले होते, तोंडं भरलेली असली तर विरोध कमी होतो या हिशोबाने. बापटसाहेबांनी परंपरा, शिस्त आणि संस्थेचं पावित्र्य यांवर भाषण केलं. बाबांनी उठून कलम चार वाचलं, "अक्कांचा जन्म चिकपेट, बसत नाही" म्हणाले आणि बसले. मग मी परवानगी मागितली.

"बापटकाका, तुमचा जन्म कुठला?"

"इंदूर."

"ते मध्य प्रदेशात आहे."

शेडमध्ये कुणीतरी हसलं. बापटसाहेब म्हणाले, आमचं घराणं मूळ कोकणातलं. मी म्हणाले, अक्कांचंही मूळ तिकडचंच, कलम घराण्याबद्दल बोलत नाही. मग मी बाबांकडे वळले. खरं सांगायचं तर मला त्यांना अडवायचं नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं.

"बाबा, तुमचा जन्म?"

"मिरज."

"तेव्हा मिरज कुठल्या राज्यात होतं?"

बाबांनी कलम चारचा कागद पुन्हा उघडला. त्यांचा जन्म झाला तेव्हा मिरजेला संस्थानिक होते. महाराष्ट्र राज्य नावाची गोष्ट तेव्हा अस्तित्वात नव्हती. ती झाली तेव्हा बाबांना नोकरी लागलेली होती. पुढच्या रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाची हीच गत होती. कुणी मुंबई इलाख्यात जन्मलेला, कुणी मध्य प्रांतात, कुणी निजामाच्या हद्दीत. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले, कारखान्यात एखाद्या चांगल्या दिसणाऱ्या भागाकडे बघावं तसे. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी सभासद नाही."

त्यांनी आपली खुर्ची उचलली, मागे नेली आणि पाहुण्यांच्या रांगेत अक्कांच्या शेजारी ठेवून बसले.

"जोशी, हा काय पोरखेळ करून राहिले तुम्ही?" बापटसाहेब म्हणाले.

"पोरखेळ नाही. कलम चार आहे."

बाबांच्या प्रामाणिकपणाचा कॉलनीत दरारा होता. एकेक जण उठला. खुर्च्या सरकल्याचा आवाज बराच वेळ होत राहिला. मागची रांग भरली, तिच्यापुढे दुसरी झाली. शेवटी बापटसाहेबही, अध्यक्षांची खुर्ची कुणाच्या हवाली करावी हे न कळल्यामुळे ती स्वतःबरोबर घेऊनच, मागे आले. पुढे एकच माणूस उरला. शिरीष कुलकर्णी, नुकताच साताऱ्याहून आलेला ट्रेनी. मंडळातला तो एकटाच राज्य झाल्यानंतर जन्मलेला होता. तो सभांना वड्यांसाठी येत असे आणि त्या क्षणी त्याच्या तोंडात एक होता.

"शिरीष," बाबा मागून म्हणाले, "तू सर्वसाधारण सभा आहेस."

शिरीषने वडा गिळला. "मग मी काय करू, काका?"

"पुढे अर्ज आहे, त्यावर निर्णय घे. कलम बदलायचं तर बदल. तुझ्यात पूर्ण बहुमत आहे."

मी मूळ चौकटीबद्दल काहीतरी बोलायला लागले, पण आईने माझा हात दाबला. शिरीषने थोडा विचार केला आणि म्हणाला, "ज्याला यायचंय त्यानं यावं की. असं लिहू का?" बाबा म्हणाले, लिही. तसं लिहिलं गेलं, आणि मी आजवर वाचलेल्या घटनात्मक तरतुदींत ती सर्वांत स्वच्छ आहे. टेबलावर अर्ज एकच होता, अक्कांचा. शिरीषने तो मंजूर केला. अक्का उठल्या, साडी सारखी केली, साऱ्या माणसांमधून चालत पुढे गेल्या आणि शिरीषच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

आता मंडळात दोन सभासद होते. बाकीच्यांना अर्ज करणं भाग होतं आणि तो मंजूर करणं या दोघांच्या हाती होतं. शिरीषने सगळं अक्कांवर सोपवलं आणि ताटाकडे वळला. अक्कांनी बाबांना पहिलं बोलावलं. "या अण्णा," त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलता, पण स्वल्प उशिरा." बाबा पास झाले. मग बापटसाहेब पुढे आले. अक्कांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"तुमचं मराठी स्वल्प हिंदीकडचं आहे नाही, साहेब? करून राहिलो, जाऊन राहिलो म्हणता."

बापटसाहेबांनी अर्ज दोन्ही हातांनी धरला. ते तसेच उभे राहिले, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला घ्यावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. अक्कांनाही ते दिसलं असावं.

"सरी," त्या म्हणाल्या. "चालेल. घरचेच आहात."

नाटक चांगलं झालं. पलंगावर बसून सुनेला मारलेला पहिलाच टोमणा इतका बसला की पाहुण्यांच्या रांगेतले कानडी शेजारीही हसले, आणि त्यांना शब्द कळले नव्हते. तिसऱ्या प्रवेशात अक्का वाक्य विसरल्या आणि त्यांनी ते सरळ कानडीत म्हणून टाकलं. आईने विंगेत डोळे मिटून घेतले. टाळी तिथेच पडली. त्यांचे यजमान दुकान लवकर बंद करून आले होते. नाटक संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पलंग आजच न्यायचा का.

घरी येताना मी बाबांच्या बरोबरीने चालत होते आणि फार खुशीत होते. माझ्या मते त्या संध्याकाळी उदार अर्थ लावण्याचा पक्ष जिंकला होता. मी त्यांना म्हणाले, बघा बाबा, कलम बदललं म्हणून अक्कांना काम करता आलं.

"काम तर त्यांना तसंही करता आलं असतं," बाबा म्हणाले.

"पण सभासद असल्याशिवाय नाटकात..."

"असं कुठे लिहिलंय?"

मी थांबले. "मग तुम्ही महिनाभर बोलला का नाहीत?"

"मला सभासदत्वाबद्दल विचारलं होतं," बाबा म्हणाले. "नाटकाबद्दल कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मंडळाची घटना पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचून काढली. तिच्यात नाटकाचा उल्लेखच नव्हता.